फेस तसाच राहू द्यावा का?

मागच्या अंकात घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि आल्याचे आंबवलेले पेय तयार करण्याविषयी लिहिताना मी बाटल्या आणि बरण्या निर्जंतुक करण्यासंबंधी एक सूचना दिली होती : सॅनिटायझरचे द्रावण पूर्ण निथळू द्यावे आणि त्यानंतर भांडे पुन्हा विसळू नये. लेखातील इतर कोणत्याही मजकुरापेक्षा या एका सूचनेवर अधिक पत्रे आली असून त्यांतील बहुतेक मराठवाड्यातील आहेत. भांडे विसळल्याशिवाय वापरू नये हा आपल्या घरांतला संस्कार इतका पक्का आहे की ही सूचना अनेकांना मुद्रणदोष वाटली. तो मुद्रणदोष नव्हता. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (एक वाचक, लातूर) : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो आणि छंद म्हणून घरी बिअर तयार करतो. मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो असताना त्याने एका मोठ्या पिंपात फेसाळ द्रावण फिरवले, ते ओतून दिले आणि तळाशी चांगला वीतभर फेस शिल्लक असतानाच त्यावर माल्टचा गार केलेला काढा ओतला. मी त्याला पिंप विसळून घे म्हणालो, तर तो म्हणाला, ‘बाबा, विसळलं तर सगळं वाया जाईल.’ माझी आई भांड्याला साबणाचा नुसता वास आला तरी ते पुन्हा घासायला लावत असे. यात बरोबर कोण?

उत्तर : आपले चिरंजीव बरोबर आहेत आणि आपल्या मातोश्रीही बरोबर होत्या, कारण दोघांच्या बोलण्याचा विषय वेगळा आहे. मातोश्री बोलत होत्या साबणाविषयी, म्हणजे भांडे स्वच्छ करणाऱ्या पदार्थाविषयी. साबण, धुण्याचा सोडा किंवा भांड्यांची पावडर यांचे काम मळ, तूप, साखर आणि वाळलेला चोथा सोडवून काढणे हे असते, आणि सोडवलेला मळ पाण्याबरोबर वाहून गेल्याशिवाय ते काम पुरे होत नाही. म्हणून स्वच्छ करणारा पदार्थ नेहमी भरपूर विसळून काढावा लागतो. चिरंजीवांच्या हातात होते ते सॅनिटायझर, आणि त्याचे काम आधीच स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर उरलेले जिवाणू, रानटी यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू यांची संख्या निरुपद्रवी पातळीपर्यंत खाली आणणे एवढेच असते. अन्नाच्या भांड्यांसाठी अमेरिकेत जी कसोटी वापरतात तिच्यात ठरावीक जिवाणूंपैकी ९९.९९९ टक्के जिवाणू ३० सेकंदांत नष्ट व्हावे लागतात. याला पूर्ण निर्जंतुकीकरण म्हणता येणार नाही, कारण त्यासाठी ऑटोक्लेव्ह किंवा प्रेशर कुकरची वाफ यांसारखे उपाय लागतात, पण पेय आंबवण्यासाठी इतकी खात्री पुरेशी ठरते.

त्या फेसात काय असते ते सांगतो. तिकडे हौशी लोकांत सर्वाधिक प्रचलित असलेले स्टार सॅन हे उत्पादन फॉस्फोरिक ॲसिड आणि डोडेसिल बेंझिन सल्फोनिक ॲसिड या दोन आम्लांचे बनलेले आहे. यातील दुसरे आम्ल आपल्याकडे धुण्याची पावडर बनवणारे लघुउद्योजक ‘ॲसिड स्लरी’ या नावाने ओळखतात त्याच कुळातले आहे. तेव्हा तो फेस पाहून आपल्याला साबणाची आठवण झाली असेल तर तो आपला भ्रम नव्हता. फरक असा की या द्रावणाचा सामू (पीएच) ३ किंवा त्याहून कमी असेपर्यंतच हे आम्ल जिवाणूंच्या पेशींचे आवरण फोडू शकते. माल्टच्या काढ्याचा सामू साधारण ५.२ ते ५.५ असतो. वीस लिटर काढा त्या फेसावर पडला की फेसातील आम्ल इतके विरळ होते आणि सामू इतका वर जातो की त्याची मारकशक्ती संपते, आणि नंतर घातलेल्या यीस्टला त्याचा त्रास होत नाही.

प्रमाणही पाहण्यासारखे आहे. मूळ अर्क एक लिटर पाण्यास सुमारे १.६ मिलीलिटर घालतात. भांडे उपडे करून निथळल्यावर आत ३० मिलीलिटर द्रावण राहिले असे धरले, तरी त्यात मूळ अर्क ०.०५ मिलीलिटरच्या आसपास भरतो, म्हणजे एका थेंबाएवढा, आणि तोही वीस लिटरमध्ये. चवीसाठी कोला पेयांत हेच फॉस्फोरिक ॲसिड एका लिटरमागे याच्या शेकडो पटींनी जास्त असते. फेस वीतभर दिसला तरी त्यात बहुतांश हवाच असते. ‘फेसाला घाबरू नका’ हे त्या देशातल्या हौशी मंडळींचे घोषवाक्यच होऊन बसले आहे, आणि ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे.

आता विसळल्याने काय बिघडते ते पाहू. काढा उकळलेला असतो म्हणून तो गार होईपर्यंत जवळजवळ जंतुरहित असतो, पण त्यात साखर भरपूर असते आणि यीस्ट घातल्यावर ते जोमाने कामाला लागेपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात. एवढा वेळ ते पिंप जो आधी येईल त्याचे असते. नळाच्या किंवा गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने विसळले, तर आपण नुकतेच हाकललेले पाहुणे त्याच पाण्यातून परत आत घेतो. बिअर आंबट होते, तिला तार येते किंवा ती गढूळ होते ती बाहेरून शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले होते. हौशी लोकांची निम्मी मेहनत आजही याच एका शत्रूला दाराबाहेर ठेवण्यात जाते.

मात्र आपल्या मातोश्रींचा नियम चिरंजीवांनाही लागू आहेच. सॅनिटायझर मळावर काम करत नाही. पिंपाच्या कडेला वाळलेल्या फेसाचा पट्टा असेल किंवा नळीच्या आत बुळबुळीत थर असेल, तर वरून कितीही द्रावण फिरवले तरी त्या थराखालचे जिवाणू सुरक्षित राहतात. म्हणून क्रम असा : आधी घासणे, मग भरपूर विसळणे, मग सॅनिटायझर, आणि त्यानंतर केवळ निथळणे. मधल्या विसळण्यात कुचराई झाली तर उरलेला सोडा सॅनिटायझरच्या आम्लाला मारून टाकतो आणि दोन्हींचा उपयोग संपतो.

प्रश्न (एक वाचिका, परभणी) : आमच्या बचत गटातील आम्ही चौघीजणी मागच्या वर्षापासून कोंबुचा तयार करतो. आपला लेख वाचून असे सॅनिटायझर मागवले आणि लेबलवरच्या प्रमाणात बोअरच्या पाण्यात मिसळले, तर द्रावण लगेच ताकासारखे पांढुरके झाले. तरीही तेच वापरले. पुढे आठ बरण्यांपैकी दोन बरण्यांवर हिरवी बुरशी आली. औषध बनावट होते का? आणि ते न विसळता वापरले म्हणून ही बुरशी आली का?

उत्तर : औषध बनावट असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. दोष पाण्याचा आहे, आणि या प्रश्नासाठी मी आपला आभारी आहे, कारण मागच्या लेखात ही गोष्ट मी लिहायलाच हवी होती. परदेशी लेबलांवरचे प्रमाण मऊ पाण्याचा विचार करून दिलेले असते. आपले बोअर बसाल्टच्या खडकातून पाणी ओढतात आणि त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत दिलेली आहे. ज्या बोअरच्या पाण्याने तवा आणि गीझर पांढरे पडतात त्याची मजल यातल्या वरच्या आकड्याकडे असते, असे समजून चालावे.

अशा पाण्यात दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली डोळ्यांना दिसते : कॅल्शियम त्या फेसाळणाऱ्या आम्लाला पकडून न विरघळणारा क्षार तयार करते आणि द्रावण ढवळ होते. दुसरी दिसत नाही, पण अधिक घातक आहे. सांगितलेल्या प्रमाणात एक लिटर द्रावणात सुमारे एक ग्रॅम फॉस्फोरिक ॲसिड असते. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून टाकण्याची क्षमता, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल, तर त्यातील बहुतेक आम्ल भांड्याला लागण्यापूर्वीच बायकार्बोनेटशी झुंजण्यात खर्च होते आणि सामू ३ च्या सीमेवर जाऊन थांबतो. अल्कलिनिटी ५०० झाली तर तो सीमा ओलांडतो. त्यानंतर हातात उरते ते फेस येणारे आंबटसर पाणी. दिसायला सगळे यथासांग असते, आणि काम मात्र होत नाही.

मग अर्क दुप्पट घालावा का, असे आपल्या मनात येईल. तसे करू नये. ‘विसळण्याची गरज नाही’ हे आश्वासन ठरावीक प्रमाणापुरतेच दिलेले असते. प्रमाण वाढवले की ते आश्वासन संपते, पेयाला चव लागू शकते आणि मग भांडे विसळावेच लागते. उपाय पाण्यातच शोधला पाहिजे. गावोगावच्या आरओ केंद्रांतून मिळणारे जारचे पाणी यासाठी उत्तम आहे. जार स्वतः कितपत स्वच्छ असतो ही शंका रास्त असली तरी येथे आपण ते पाणी पिण्यासाठी घेत नसून आम्ल मिसळण्यासाठी घेत आहोत, त्यामुळे पाण्यातील जिवाणूंचा समाचार द्रावणच घेते. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून धरलेले आणि गाळलेले पाणीही चालते. दोन्ही नसेल तर बोअरचे पाणी दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि तळाचा पांढरा साका न हलवता वरचे पाणी काढून घ्यावे. उकळल्याने कॅल्शियम बायकार्बोनेटचा साका होतो आणि पाण्याचे काठिण्य व अल्कलिनिटी दोन्ही उतरतात. पाण्यात सोडियमचे क्षार जास्त असतील तर मात्र या उपायाचा फारसा उपयोग होत नाही.

खात्री करण्यासाठी सामूचा कागद जवळ ठेवावा. माती तपासणीसाठी मिळणारी १ ते १४ ची पट्टी अगदी ढोबळ असते. आम्लाच्या बाजूचे, म्हणजे साधारण १ ते ४ एवढ्याच टप्प्याचे कागद प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात, ते घ्यावेत. द्रावण काचेच्या पारदर्शक बाटलीत धरून पाहावे. ते नितळ असले आणि सामू ३ किंवा त्याखाली असला तर वापरावे, नाहीतर ओतून द्यावे. आरओच्या पाण्यात केलेले द्रावण झाकून ठेवले तर या दोन कसोट्यांवर कित्येक आठवडे टिकते.

द्रावण थोडे करावे. मेडिकल दुकानातून पाच मिलीलिटरची सिरिंज आणावी, एक लिटर आरओ पाण्यात १.६ मिलीलिटर अर्क घालावा आणि ते फवाऱ्याच्या बाटलीत भरावे. बरणीच्या आतून सगळीकडे ओलावा येईल असे फवारावे, तो ओलावा दोन मिनिटे राहू द्यावा आणि बरणी धुतलेल्या जाळीवर उपडी ठेवावी. आपल्या आठही बरण्या आणि त्यांच्या बाटल्या एवढ्या एका लिटरमध्ये होतील. आपल्या भागासाठी मला हा मुद्दा मोलाचा वाटतो. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. ते दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना एका बरणीमागे दोन-तीन तांबे पाणी वाचणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही. घासल्यानंतरचे विसळणे टाळता येत नाही, पण त्यानंतरचे टाळता येते.

अर्क हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण विरळ द्रावण निरुपद्रवी असले तरी मूळ अर्क कातडी आणि डोळे भाजतो. तो त्याच्याच बाटलीत, लेबलसह, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे आणि तिने जीव गेलेले आहेत, म्हणून हे पुन्हा बजावतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना हे द्रावण लावू नये. तांब्या-पितळेची भांडी कल्हई केलेली असली तरी आंबवण्याच्या कामात आणूच नयेत.

राहिला बुरशीचा प्रश्न. न विसळल्याने बुरशी येत नाही. निष्प्रभ द्रावणामुळे बरणीत काही बीजाणू राहिले असणे शक्य आहे, पण कोंबुच्यावर बुरशी येण्याचे अधिक नेहमीचे कारण म्हणजे सुरुवातीला आंबटपणा कमी पडणे. गोड चहाच्या साधारण दहावा हिस्सा आधीच्या घाण्यातील तयार, चांगला आंबट कोंबुचा घालावा आणि मिश्रणाचा सामू सुरुवातीलाच ४.५ च्या खाली आहे हे पाहावे. बरणीवर बांधायच्या फडक्याकडेही लक्ष द्यावे. कापड सच्छिद्र असल्याने फवाऱ्याचे द्रावण त्याच्या धाग्यांत नीट पोचत नाही. ते पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून वापरावे. बुरशी आलेल्या दोन्ही बरण्यांतील पेय आणि त्यावरची साय दोन्ही टाकून द्यावीत, वरची बुरशी काढून खालचे वापरू नये. आपण विक्री करत असाल तर अन्न व औषध प्रशासनाकडील नोंदणी आवश्यक आहेच, शिवाय पेयात ०.५ टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क झाला तर अन्नसुरक्षेच्या नियमांत ते मद्य ठरते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न (एक वाचक, उदगीर) : आमच्याकडे देवणी गाई आहेत. दूध काढल्यावर सड बुडवण्यासाठी आयोडीनचे औषध वापरतो. आयोडीनचे सॅनिटायझरही न विसळता चालते असे ऐकले. मग हेच औषध बाटल्यांना चालेल का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण गोठ्यातले औषध बाटल्यांना चालणार नाही. आयोडीनला वाहक पदार्थात बांधून तयार केलेल्या सॅनिटायझरला आयोडोफोर म्हणतात. दूधसंकलन केंद्रांतील कॅन आणि यंत्रे यांसाठी ते पूर्वीपासून वापरात आहे आणि घरी पेये आंबवणाऱ्यांनी ते तिथूनच उचलले. द्रावणात १२.५ ते २५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, आयोडीन असेल आणि भांडे नीट निथळले असेल तर ते विसळावे लागत नाही. २५ च्या वर गेल्यास विसळावे लागते. सड बुडवण्याच्या औषधात मात्र कातडी फाटू नये म्हणून ग्लिसरीन किंवा लॅनोलिनसारखे मऊपणा आणणारे पदार्थ घातलेले असतात. ते बाटलीला चिकटतात आणि पेयात उतरतात. जखमेला लावायचे आयोडीनचे मलम, द्रव किंवा टिंक्चर यांनाही हेच लागू आहे.

दुग्धसाहित्याच्या दुकानात ‘भांडी व यंत्रे यांसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले आयोडोफोर मागावे आणि त्यावरील उपलब्ध आयोडीनची टक्केवारी वाचावी, कारण ती प्रत्येक उत्पादनात वेगळी असते. हिशेब सोपा आहे. १.२५ या आकड्याला त्या टक्केवारीने भागले की एका लिटरला किती मिलीलिटर घालायचे ते मिळते. अर्क १.७५ टक्क्यांचा असेल तर लिटरला ०.७ मिलीलिटर पुरतो. भांड्याला दोन मिनिटे ओलावा हवा. द्रावणाचा रंग फिक्या, बिनदुधाच्या चहासारखा असतो, आणि तो रंग उडाला की आयोडीन संपले असे समजावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी एक सावधगिरी सांगतो : आयोडीन उष्णतेने उडून जाते, साधारण ५० अंशांजवळ तर फारच वेगाने, आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. द्रावण सकाळच्या गार पाण्यात किंवा माठातल्या पाण्यात करावे आणि उजेडात ठेवू नये. प्लॅस्टिकच्या नळ्या याने पिवळसर पडतात, त्यात घाबरण्याचे कारण नाही. भात, पेज किंवा पीठ यांचा अंश राहिला असेल तर तो निळा-काळा होतो, आणि तसे दिसले की भांडे नीट घासलेले नव्हते हे आपोआप कळते.

प्रश्न (एक वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर) : मी ज्या पेयनिर्मिती कारखान्यात काम करतो तेथे टाक्या कॉस्टिकने धुतल्यावर पेरासिटिक ॲसिडने निर्जंतुक करतात आणि विसळत नाहीत. तेच ॲसिड थोडे आणून घरी बिअरचा प्रयोग करावा असा विचार आहे.

उत्तर : दोन्ही विचार सोडून द्यावेत अशी मी आपणांस मनापासून विनंती करतो. पेरासिटिक ॲसिड कारखान्यासाठी उत्कृष्ट आहे, कारण काम झाल्यावर त्याचे विघटन होऊन ॲसेटिक ॲसिड, पाणी आणि ऑक्सिजन एवढेच उरते. पण त्याचा मूळ अर्क श्वासनलिकेला आणि डोळ्यांना अत्यंत दाहक असतो, तो तीव्र ऑक्सिडीकारक आहे आणि बंद बाटलीत वायू धरून फुगू शकतो. कारखान्यात तो बंद नळ्यांतून मोजून सोडला जातो. स्वयंपाकघरात तो ओतण्याची कोणतीही सुरक्षित रीत मी सांगू शकत नाही.

बिअरविषयी सांगायचे तर अमेरिकेत स्वतःपुरती बिअर घरी करण्यास १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली आणि लातूरच्या वाचकांचे चिरंजीव ज्या छंदात रमले आहेत तो तेथून पुढे फोफावला. महाराष्ट्रात तशी मोकळीक नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि ते थोडे, घरापुरते किंवा प्रयोगासाठी केले तरी गुन्हाच राहतो. आपल्याला किण्वनशास्त्रात एवढी गोडी असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातील अन्नतंत्र महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्याचे रीतसर शिक्षण मिळते. कारखान्यात आपण रोज जे पाहता त्याची कारणे तेथे उलगडतील.

प्रश्न (एक वाचिका, बीड) : ब्लीच स्वस्त मिळते. ते चालणार नाही का?

उत्तर : चालते, पण मी ते न विसळण्याच्या यादीत घालत नाही. अगदी विरळ प्रमाणात ते न विसळता वापरण्यास काही देशांत परवानगी आहे हे खरे, परंतु आंबवलेल्या पेयांत प्रश्न आरोग्यापेक्षा चवीचा अधिक असतो. क्लोरीनचा थोडासा अंशही चहातील आणि फळांतील फिनॉलवर्गीय घटकांशी संयोग पावून क्लोरोफिनॉल तयार करतो, आणि त्यांचा वास इतका उग्र असतो की अब्जांशाच्या प्रमाणातही तो जाणवतो. काही वर्षांपूर्वी घाईत मी एका बरणीची तोटी ब्लीचच्या पाण्यात बुडवून तशीच बसवली होती. पंधरा दिवसांनी पेयाला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येऊ लागला आणि बारा लिटर पेय मला मोरीत ओतावे लागले. ब्लीच वापरलेच तर उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा विसळावे. स्टीलच्या भांड्यात ते साठवून ठेवू नये, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, वर सांगितलेले आम्लाचे सॅनिटायझर किंवा संडास धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

प्रश्न (एक वाचक, जालना) : मोसंबीचा स्क्वॅश टिकवायला आम्ही के.एम.एस. वापरतो. बाटल्याही त्याच्याच पाण्याने धुतल्या तर?

उत्तर : के.एम.एस. म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ते सूक्ष्मजीवांची वाढ रोखते, पण त्यांना लवकर आणि खात्रीने मारत नाही, आणि तेही आम्लाच्या सोबतीनेच. स्क्वॅश आंबट असल्यामुळे तेथे ते उपयोगी पडते. बाटली निर्जंतुक करण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. घरात कोणाला दमा असेल तर त्याचा वायू त्रासदायक ठरतो. जाड काचेच्या बाटल्या असतील तर त्या कोमट पाण्यात ठेवून पाणी हळूहळू उकळीपर्यंत न्यावे आणि दहा मिनिटे उकळू द्यावे. एकदम गरम पाणी ओतले तर काच तडकते. तोटी, चिमटा, कात्री अशा लहान वस्तूंसाठी ७० टक्के अल्कोहोलचा फवारा पुरतो. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेले ७० टक्क्यांचे अधिक परिणामकारक असते, कारण पेशीतील प्रथिने साकळण्यासाठी पाण्याची गरज असते. ते पेट घेते म्हणून शेगडीजवळ वापरू नये, आणि हाताला लावायची जेल तर भांड्यांना लावूच नये.

प्रश्न (एक आजी, अंबाजोगाई) : आम्ही लोणच्याच्या बरण्या धुऊन, उन्हात वाळवून त्यांना हिंगाची धुरी देत असू आणि मग पाणी लागू देत नसू. हेही न विसळण्यासारखेच नाही का? नातीच्या कोंबुच्याच्या बरणीला अशी धुरी दिली तर चालेल का?

उत्तर : आजी, आपले निरीक्षण अगदी नेमके आहे. धुरी दिल्यानंतर बरणीला पाण्याचा थेंब लागू न देण्याची आपली शिस्त आणि मी वर लिहिलेली शिस्त यांचे मूळ एकच आहे. धुऊन कोरडी केलेली बरणी परत ओली केली की तिच्यात पाण्याबरोबर काय काय येते हे आपल्या पिढीला सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होते. कडक ऊन आणि संपूर्ण कोरडेपणा यांचा त्यात मोठा वाटा आहे, धुरीचाही थोडा आहे, पण लोणचे वर्षभर टिकते ते मुख्यतः मीठ, आंबटपणा आणि वर तरंगणारे तेल यांमुळे. कोंबुच्यात मीठ नाही आणि तेलही नाही, आणि आंबटपणा यायला काही दिवस जावे लागतात. म्हणून तेथे नुसत्या धुरीवर भागणार नाही. शिवाय हिंगाचा वास चहाला लागेल तो वेगळाच.

नातीला आपली चिनी मातीची बरणी द्यायची इच्छा असेल तर आधी ती उजेडात धरून आतून नीट पाहावी. आतल्या चकाकीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर त्या भेगांत जुन्या लोणच्याचे तेल आणि मीठ मुरलेले असते आणि तेथे कोणतेही द्रावण पोचत नाही. जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसे असण्याची शक्यता असते आणि आंबट पेय ते सावकाश ओढून घेते. तेव्हा ती बरणी लोणच्यालाच राहू द्यावी आणि नातीला रुंद तोंडाची काचेची बरणी घेऊन द्यावी. ती धुण्याच्या सोड्याने घासून भरपूर विसळावी, आरओच्या पाण्यात केलेले द्रावण आतून फवारून दोन मिनिटे थांबावे, आणि मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने उपडी ठेवून निथळू द्यावी. फडके तेवढे आपण उन्हात वाळवून द्यावे.